हाताच्या मापाची लेखणी

२०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. वडील हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेले होते, मी सोबत होतो. वय अठ्ठ्याहत्तर. संधिवाताने उजव्या हाताची बोटे आखडलेली. काउंटरवर दोरीने बांधलेले एक बारीक बॉलपेन होते. ते त्यांच्या चिमटीत राहीना. तीनदा सही केली आणि तिन्ही वेळा ती नोंदीतल्या सहीशी जुळली नाही. पलीकडचा तरुण उद्धट नव्हता. सहज म्हणाला, "आजोबा, अंगठाच द्या ना, सोपं पडेल."

वडिलांनी पेन खाली ठेवले आणि ते चालत बाहेर आले. छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत लिहिण्यात घालवलेला हा माणूस. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "अंगठा काही मी देणार नाही."

मराठी भाषा या बाबतीत कुणालाच सोडत नाही. लिहिणाऱ्याला तिने 'बोरूबहाद्दर' म्हणून हिणवले आणि न लिहिणाऱ्याला 'अंगठाबहाद्दर'. पण आयुष्यभर पहिले बिरूद वागवलेल्या माणसावर दुसरे येऊ पाहते, तेव्हा ते किती लागते, हे मी त्या दिवशी पाहिले.

माझ्याकडे तेव्हा एक छोटा लेथ होता. त्यावर मी लाटणी, रव्या आणि शेजारच्या मुलांसाठी भोवरे कातत असे. आमचे गावाकडचे जुने घर नुकतेच उतरवले होते आणि फणसाच्या एका तुळईचे तुकडे मी मांडवीला आणून ठेवले होते. त्यातल्या एका तुकड्याचे मी वडिलांसाठी पेन केले, सोळा मिलीमीटर जाडीचे. तो माझा पहिला प्रयत्न. त्यानंतर नातेवाइकांना आणि मित्रांना पेने करून देण्याचा छंदच जडला. छंदाबरोबर प्रश्नही आले आणि त्या प्रश्नांमागे जाता जाता हा लेख झाला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. मोडी शिकलो तीही चाळिशीनंतर आणि स्वतःच्या हौसेने. तेव्हा वाचकांनी हे एका लेथवाल्याचे टिपण समजून वाचावे.

मांडवी आणि बोरू

मी राहतो त्या मांडवीला आज लोक काळ्या वाळूची चौपाटी, बोटीचा जुना धक्का आणि भेळेच्या गाड्या यांसाठी ओळखतात. पण 'मांडवी' या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे. मुंबईतल्या मांडवीचे नावही त्याच अर्थाचे. गलबतातून उतरलेला माल जिथे मोजला आणि लिहिला जाई, ती मांडवी. म्हणजे आमच्या गावठाणाच्या नावातच एक कारकून बसलेला आहे, आणि त्याच्या हातात बोरू आहे.

बोरू ही एका जातीच्या गवताची पोकळ, कणखर काडी. ती वाळवायची, चाकूने तिचे टोक तासायचे, मध्ये बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोकाला तिरपी छाट द्यायची. देवनागरी अक्षरातली जाड-बारीक रेघ या छाटीतून येते. छाट बदलली की अक्षर बदलते. अरबी-फारसीतून आलेला आपला 'कलम' हा शब्दही मुळात बोरूवाचकच आहे. त्याचे नाते ग्रीक भाषेतल्या बोरूच्या नावाशी सांगतात. इंग्रजी 'पेन' मात्र लॅटिनमधल्या पिसाच्या नावावरून आले. पश्चिमेने पीस तासले, आपण गवत तासले. तासणे दोघांनाही चुकले नाही.

या तासण्याकडे आपल्याकडे किती गांभीर्याने पाहिले जाई, हे समर्थ रामदासांच्या दासबोधात दिसते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच हातवळणाचे असावे, इथपासून ते वेगवेगळ्या देशांचे बोरू जमवावेत, निरनिराळी हत्यारे जवळ बाळगावीत इथपर्यंत सूचना आहेत. त्यात एक सूचना अशी की, तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, मध्यम लिहावे. दासबोध मी पूर्वीही वाचला होता, पण या जागी कधी थांबलो नव्हतो. बँकेतल्या त्या दिवसानंतर थांबलो. लिहिणारा हात म्हातारा होणार आहे, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका संताने हिशेबात धरले होते.

मोडीचा इतिहास यादवांच्या हेमाडपंतांपर्यंत नेण्याची आपली परंपरा आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी आमच्याच जिल्ह्यातल्या राजापूरहून स्वराज्यात आले, असेही परंपरा सांगते. पुढे पेशवाईत या लिपीत कागदांचे डोंगर उभे राहिले. त्यांतले पुष्कळ आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत. मोडी लिहायची ती शक्यतो हात न उचलता, भरभर. शाई काजळाची आणि डिंकाची. ती लवकर सुकावी म्हणून ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकत. जुना कागद उलगडताना कधी कधी वाळूचा कण बोटाला लागतो, तेव्हा तो लिहिणारा अगदी जवळ बसल्यासारखा वाटतो.

या सगळ्या काळात लेखणी ही भेट देण्याची वस्तू होती का? मला वाटते, होती, पण आजच्या अर्थाने नाही. बोरूच्या काडीला किंमत अशी नव्हती. किंमत होती ती छाटीला. वडील सांगत, त्यांच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी शनिवारी सगळ्या मुलांचे बोरू तासून देत. वर्गात एक डावखुरा मुलगा होता. त्या काळी डावऱ्या हातावर छडी बसायची, पण या गुरुजींनी त्याला छाट उलटी करून दिली. वडिलांना गुरुजींचे बाकी फारसे काही आठवत नव्हते, ती उलटी छाट मात्र आठवत होती.

माझ्या मते बोरूच्या काळाचे मर्म हेच आहे. लेखणी हातासारखी करायची असे. हात लेखणीसारखा करण्याची वेळ नंतर आली.

बर्मिंगहॅमचे टोक

ती वेळ आणली पोलादी निबने. १८२० ते १८३०च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पोलादाच्या पत्र्यातून यंत्रावर निबा कापायला सुरुवात झाली. जोसेफ गिलॉट हे त्यातले मोठे नाव. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या कचेऱ्यांना या एका शहराने निबा पुरवल्या. आपल्याकडे लाकडी दांडीला अशी निब लावलेल्या लेखणीला 'टाक' म्हणू लागले. शब्द जुनाच, लेखणीच्याच संसारातला. वस्तू मात्र नवी.

टाकाने सोय झाली, यात शंका नाही. रोजचे तासणे सुटले. पण निब इंग्रजी अक्षराच्या वळणासाठी घडवलेली होती. बोरूची रुंद तिरपी छाट गेली आणि टोकदार निब आली. देवनागरीतली जाडी आता छाटीतून आपोआप येईना, ती दाब देऊन आणावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आणि शेवटचा असे दोन मोडी कागद शेजारी ठेवले, तर पुष्कळदा हा फरक माझ्यासारख्या हौशी माणसालाही कळतो.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी आपल्या फाउंटन पेनचे पेटंट घेतले आणि दौत खिशात आली. या पेनांचे नळे एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे, असत. एबोनाइट लेथवर छान कातता येते. त्यामुळे मोठ्या कारखान्याशिवाय, एका खोलीत, एका माणसाला पेन करणे शक्य झाले. आपल्या कहाणीत इथे लेथ येतो.

स्वदेशी पेन आणि वर्ध्याचे पत्र

आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे सोनारकामाची हत्यारे जाणणारे कारागीर. सर्वसामान्यांच्या उपयोगाची स्वदेशी वस्तू करा, असे गांधीजींनी त्यांना सुचवले आणि त्यांनी पेन करायला घेतले, अशी हकिकत सांगतात. पहिल्या प्रयत्नात काही भाग परदेशी असल्याने गांधीजींनी ते स्वीकारले नाही, असेही सांगतात. पक्के आहे ते १९३५ सालचे गांधीजींचे पत्र. ते वर्ध्याहून लिहिलेले आहे. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत आलेले पेन आपण वापरले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्याचा आशय. ग्रामोद्योग संघ त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ साली, वर्ध्यात स्थापन झाला होता. म्हणजे या लेखणीच्या परीक्षेची पेठ महाराष्ट्रातलीच.

शाईची बाजूही याच सुमारास मराठी माणसाने उचलली होती. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीचा आणि वड्यांचा उद्योग सुरू केला. पुढे त्यातूनच कॅमलिन उभी राहिली. आमच्या पिढीचे हात निळे झाले ते या शाईने.

पेनात स्वदेशी किती, हा वाद तेव्हा निबेवर येऊन अडत असे. नळा कातणे सोपे, टोपण कातणे सोपे. निब करणे अवघड. तिचे टोक झिजू नये म्हणून त्यावर अतिशय कठीण धातूचा कण बसवावा लागतो. हा वाद पुढे माझ्याही दारात येणार होता, त्याकडे नंतर येतो.

फाउंटन पेनाने हाताशी असलेले नाते मात्र पूर्ण तोडले नव्हते. निब वापरणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे घासली जाई. म्हणून तर 'पेन दुसऱ्याच्या हातात देऊ नये' असे घरोघर बजावत. पेनांच्या दुकानात निब घासून देणारा माणूस असे. तो आधी गिऱ्हाइकाला कागदावर चार ओळी लिहायला सांगे आणि त्याच्या हाताकडे बघत राही. शनिवारचे बोरू तासणारे गुरुजी त्याच्या रूपाने शिल्लक होते.

ते नाते तोडले बॉलपेनने. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ साली पेटंट घेतले आणि १९५० साली फ्रान्समध्ये बिकचे षटकोनी स्वस्त पेन निघाले. त्यातली गोळी सगळ्या दिशांना सारखीच फिरते. तिला छाट नाही, कल नाही, डावे-उजवे नाही. कोणाच्याही हातात कोणतेही पेन चालते. गरिबाच्या मुलाला दोन रुपयांत लिहिता आले, हे बॉलपेनचे उपकार मी विसरणार नाही. पण जे कोणाच्याही हातात चालते, ते एखाद्या आखडलेल्या हातात चालत नाही, तेव्हा त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. दोरीने बांधलेल्या त्या पेनाकडे नव्हता.

कातारी, लाख आणि केवड्याचे पान

लाकूड कातणे कोकणाला नवे नाही. लेथला आपला जुना शब्द 'चरक' आणि त्यावर काम करणारा तो कातारी. पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, लाटणी, भातुकली हे त्याचे काम. पूर्वी एक जण दोरी पुढे-मागे ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा पटाशी धरी.

या कामाचे कोकणातले मोठे घर म्हणजे सावंतवाडी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर ती आमच्याच जिल्ह्यात होती. तिथल्या चितारींची लाकडी फळे, खेळणी, पाट आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. फळांना पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरतात. कातकामावर लाख चढवण्याची पद्धत पाहण्यासारखी असते. लाकूड फिरत असताना लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाचा तुकडा दाबून तिला चकाकी आणायची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांनाही केवड्याचेच पान लागते.

माझी पेने सुरुवातीला ओबडधोबड दिसत. बाहेरून आणलेला रसायनी लेप काचेसारखा चमके, पण हाताला घाम आला की घसरे. वडिलांनीच तक्रार केली. मग मी सावंतवाडीला दोन दिवस एका कारागिराशेजारी बसून लाख पाहिली. तिचा पातळ हात दिलेले लाकूड गुळगुळीत असूनही बोटात धरवते. केवडा आमच्याकडे खाडीकाठी मिळतो. त्यासाठी कुठल्या दुकानात जावे लागत नाही.

यातले तुमचे काय?

आता त्या वादाकडे येतो. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला भाच्याला पेन दिले. तो इंजिनीअर. त्याने ते लगेच उघडून पाहिले आणि हसत विचारले, "मामा, रिफिल बाहेरची, आतली पितळी नळी बाहेरची, फिरवायचं यंत्र बाहेरचं. मग यातलं तुम्ही नेमकं काय केलंत?"

प्रश्न रास्त होता. लाकडी पेने कातण्याचा हा छंद विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिका-युरोपात फोफावला, तो तयार सुट्या भागांच्या जोरावर. कृती थोडक्यात अशी: लाकडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला लांबीतून सात मिलीमीटरचे भोक पाडायचे, त्यात पितळी नळी चिकटवायची, तुकडा लेथवर धरून गोल कातायचा, पॉलिश पेपरने घासायचा, लेप द्यायचा आणि दोन्ही टोकांना भाग दाबून बसवायचे. भोक जरा तिरपे गेले की शेवटच्या हातात लाकूड फुटते. माझी अशी पुष्कळ फुटली. हे सुटे भाग तैवान किंवा चीनमधून येतात. रत्नम यांना अडवणारा प्रश्न नव्वद वर्षांनी मांडवीत माझ्यासमोर उभा राहिला, आणि गांधीजींच्या कसोटीला माझे पेन उतरणार नाही, हे मी भाच्याला कबूल केले.

कबुली दिली, पण उत्तर द्यायचे राहिले. ते मला पुढच्या पेनाच्या वेळी सुचले. मी कोणालाही पेन करण्याआधी त्याला कणकेची एक वळी हातात देतो आणि ती पेनासारखी धरून लिहिल्याचे नाटक करायला सांगतो. मग बोटांच्या खळग्यांची जाडी मोजतो. आत्याची चिमूट घट्ट, तिला बारीक पेन. मित्राचा अंगठा अपघातात वाकडा झालेला, त्याच्या पेनाला एका बाजूला चपटी जागा. डावऱ्या पुतणीच्या पेनाचा फुगवटा जरा वर, म्हणजे बोटे मागे राहतात आणि ओली शाई पुसली जात नाही. यंत्र तैवानचे असेल, पण खळगा आत्याच्या बोटाचा आहे. गुरुजींनीही बोरूचे गवत कुठे उगवले होते? त्यांची होती ती छाट. माझे आहे ते माप.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. थोर माणसाला लेखणी कुठलीही चालते. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली आमच्या रत्नागिरीत झाला. त्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले ते शिसपेन्सिलीने. योगायोग असा की, त्याच मंडालेला ज्याची राजधानी होती तो ब्रह्मदेशाचा राजा थिबा तेव्हा रत्नागिरीत नजरकैदेत होता. टिळकांना कोणी त्यांच्या हाताचे माप विचारले नव्हते, तरी ग्रंथ झालाच. हे खरे. पण सगळ्यांनाच ग्रंथ लिहायचा नसतो. काहींना फक्त आपली सही करायची असते.

सही

वडिलांचे पेन तयार झाले, तेव्हा त्यांनी आधी सही केली नाही. एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर ते बराच वेळ काही तरी लिहीत बसले. जवळ जाऊन पाहिले तर मोडीची मुळाक्षरे होती. मोडी शाळेत शिकणाऱ्या जवळजवळ शेवटच्या पिढीतले ते. अक्षर पूर्वीपेक्षा दुप्पट मोठे आले होते आणि रेघ थरथरत होती, पण हातवळण तेच होते. मी प्रत्येक अक्षर वाचू शकलो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा बँकेत गेलो. त्यांनी खिशातून स्वतःचे पेन काढले आणि सावकाश सही केली. त्याच तरुणाने ती नोंदीशी ताडून पाहिली, दाखला ठेवून घेतला आणि मग पेन हातात घेऊन विचारले, "आजोबा, हे कुठं मिळतं?"

पुढची चार वर्षे प्रत्येक नोव्हेंबरात त्याच पेनाने सही झाली.

वडील गेल्यावर ते पेन माझ्याकडे आले. जुन्या तुळईचे लाकूड बाहेरून काळपट होते. कापल्यावर आत लख्ख पिवळे निघाले आणि आता हळूहळू तपकिरी होत चालले आहे. लक्ष्मीपूजनाला वह्यांसोबत मी ते पाटावर ठेवतो आणि रिफिल वाळू नये म्हणून अधूनमधून चार रेघा ओढून बघतो. त्याने लिहीत मात्र नाही. भावना वगैरे सोडा, ते माझ्या हातात बसतच नाही. माझ्या बोटांना ते फार जाड आहे.